जुन्या सागवानाचा पलंग घरीच करतोय: उशाकडची फळी आणि सांधे कसे ठेवू?

लकडगंजचा_फेरीवाला (नागपूर)

नमस्कार मंडळी. महावितरणमधून निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली आणि सुतारकामाला लागलो. पाट, चौरंग, चपलांचं कपाट एवढं झालंय. आता पलंग करायचाय, 78 बाय 60 इंची गादीचा.

लाकूड लकडगंजातून आणलं. एका जुन्या घराचं उतरवलेलं सागवान आहे, 4 बाय 3 चे वासे आणि दीड इंची फळ्या. वरून धुरानं काळंकुट्ट, पण रंध्याचा एक हात फिरला की आतून सोनेरी निघतं आणि शेडभर तो तेलकट वास पसरतो. त्या वासासाठी मी रोज सकाळी चहा घेऊन शेडमध्ये जाऊन बसतो.

सौ.ची अट आहे की खाली पेटी नको, झाडू-पोछा सरळ फिरला पाहिजे. खोलीचं दार 30 इंची, त्यामुळे पलंग सुटा होणारा हवा. पण कुशीवर वळलं की करकरणारा नको. उशाकडे 7 इंची चार फळ्या आडव्या चिकटवून 28 इंच उंचीची एकसंध फळी करायचा विचार आहे. मागून उभ्या पट्ट्या स्क्रूनं आवळून टाका, असं आरामशीनवाल्यानं सांगितलं. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो आणि लगेच पावसाळा. फळी तडकणार नाही ना? आणि सौ.ला दमा आहे, तर पॉलिश कोणतं करू?

पटाशी_सांगली

काका, आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सुतारकी. मी स्वतः आता फक्त घरच्यांसाठी करतो. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण लाकूड कापायच्या आधी विचारलंत.

मागून पट्ट्या आवळू नका. लाकूड लांबीला जवळजवळ हलत नाही, पण रुंदीला फुगतं आणि आकसतं. सागवान त्यात गुणी, तरी 28 इंचांत पाव इंचापर्यंत फरक पडू शकतो. पट्टी उभी, तिची लांबी जागची हलणार नाही. फळीला मात्र हलायचंय. स्क्रूनं दोन्ही टोकं धरून ठेवलीत की ती मधून फाटते. तिथे फेविकॉल किती लावलंय याला अर्थ नाही.

चौकट करा. दोन खूर, म्हणजे उशाकडचे उभे पाय, आणि वर-खाली आडव्या पट्ट्या, चौघांना आतून अर्धा इंच खोल खाच. चार फळ्या एकमेकींना खुशाल चिकटवा, पण तयार झालेली फळी त्या खाचेत सुटी राहू द्या, फेविकॉलचा थेंबही नको. फक्त दोन्ही खुरांत, फळीच्या उंचीच्या मधोमध, एकेक खिळा मारलात तर ती वर आणि खाली सारखी सरकेल. आता ऋतू बघा. कडक उन्हाळ्यात बसवलीत तर ती सगळ्यात आकसलेली असते, म्हणून वर-खाली मिळून पाव इंच जागा सोडा. भर पावसाळ्यात बसवलीत तर फुगलेली असते, तेव्हा खाचेत खोलवर जाऊ द्या, नाहीतर हिवाळ्यात कडेला फट दिसेल. आणि नागपुरात कुलर असणारच. त्याचा ओला झोत थेट उशाकडच्या फळीवर येत असेल तर एकच बाजू फुगून ती वाकते. पॉलिश पुढून-मागून दोन्हीकडे सारखं करा.

सांध्याचं. वाशांतून खूर 3 बाय 3 चे निघतील. बाजूची पट्टी 6 इंच रुंद घ्या. तिच्या टोकाला अर्धा इंचाची आखूड कूस, म्हणजे भोकात बसणारी जीभ, ठेवा, खुरात तेवढंच भोक. वजन कूस पेलते. मग खुराच्या बाहेरून 10 मिलिमीटरचा लांब बोल्ट पट्टीच्या टोकात आत घ्या आणि पट्टीच्या आतल्या अंगाला पटाशीनं खळगा करून त्यात वॉशर-नट बसवा. बोल्टचं काम फक्त ओढून धरायचं. करकर येते ती वजन बोल्टवर पडल्यामुळे. पहिला उन्हाळा गेला की पाना घेऊन एकदा आवळा.

60 इंच रुंदीला मधून लांबीला एक वासा आणि त्याला जमिनीपर्यंत पाया हवाच.

बल्लारशाची_लेक

मी मूळची बल्लारपूरची, आता चंद्रपुरात. आमच्याकडचा साग अयोध्येच्या मंदिराच्या दारांना गेला, त्याचा अभिमान आहेच, पण जुन्या घराचं सागवान मिळणं हेही भाग्यच. इतकी वर्षं छपराखाली वाळलंय, नवीन लाकडासारखं दगा देणार नाही. तरी रंधल्यावर लगेच जोडू नका. फळ्यांमध्ये सारख्या अंतरावर पट्ट्या घालून सावलीत रचून ठेवा, चारी बाजूंनी हवा लागली पाहिजे.

जुन्या वाशात मोडके खिळे आतच राहिलेले असतात. मशीनचा रंधा लावण्याआधी प्रत्येक बाजूवरून लोहचुंबक फिरवा. सागवानावर खिळ्याभोवती काळा डाग धरतो, तो दिसला की तिथे शोधा.

आणि काका, एन-95 मास्क लावूनच घासा. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना वाईट, सागाचा तर कित्येकांना त्वचेवरही उठतो. घरात दम्याचं माणूस आहे, तेव्हा शेडमधले कपडे शेडमध्येच झटकून मग आत जा.

लकडगंजचा_फेरीवाला (नागपूर)

दोघांचेही मनापासून आभार. पट्ट्या आवळायचं रद्द. चौकटच करतो. पॉलिशचं कुणी सांगेल का? लाखेचं करू की जवसाचं तेल?

पटाशी_सांगली

दोन्ही चालतील. लाखेच्या चपड्या स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्यानं पातळ पातळ हात द्यायचे. स्पिरिट लवकर उडून जातं, वास राहत नाही. गरम कप ठेवला तर डाग पडतो, पण पलंगाला ती अडचण नाही. तेल लावायचं तर रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घ्या, खायचं जवसाचं तेल वाळायला फार दिवस घेतं. लावा, पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्यानं सगळं पुसून काढा.

तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या फडक्यात ती कोंडते आणि आपोआप आग लागते. तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हाळ्यात, भुशाशेजारी तर नकोच नको. एकेक फडकं मोकळ्या हवेत पसरून कडक वाळवा, मगच फेका.

तुमच्या घरासाठी मी लाखेचंच म्हणेन. शेडमध्येच पूर्ण करा, आठवडाभर तिथेच वारा लागू द्या, मग सुटे भाग आत नेऊन बोल्ट आवळा.