पडदा लावून काय होणार?
‘चिकनच्या दुकानाला पडदा लावून कोंबड्या कापणं नजरेआड केलं की प्रश्न मिटला’ असं काही जण म्हणतात, ते अजिबात पटत नाही. ठाणे-वाशीतल्या चिकनच्या दुकानांत खरे हाल मान कापल्यावर होतात. बोथट सुरीने एकाच बाजूची शीर कापून कोंबडी पिंपात फेकतात. वरून दुसरी पडते, आत फडफड चालूच. भिंतीला स्टीलचा उलटा शंकू लावा. कोंबडी डोकं खाली करून त्यात ठेवा, जबड्याखाली दोन्ही बाजूंच्या शिरा एकाच वेळी कापा आणि किमान 2 मिनिटं रक्त निथळू द्या. शंकूत फडफडता येत नाही, त्यामुळे पंख मोडत नाहीत. आणि खुराड्यातून एका पायाने ओढणं आधी बंद करा! मांडीचा सांधा निखळू शकतो. कोंबडीला घाम येत नाही, ती मुख्यतः धापा टाकून थंड होते. खाडीकाठच्या दमट हवेत गच्च भरलेल्या खुराड्यात तेही जमत नाही.