एनडीए फ्लाइंगसाठी मायनस अर्धा नंबर चालतो का?

शाहूपुरीकर
मुलगा अकरावी सायन्सला, वय १६. एनडीएतून एअर फोर्सचं फ्लाइंगच पाहिजे म्हणून बसलाय. राजारामपुरीत चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढला: उजवा -०.५०, डावा शून्य. चष्म्याने शेवटची ओळ सहज वाचतो, मग अडतं कुठे? ओळखीचे एक जण म्हणतात, लेसर करून टाका. पैसे भरायच्या आधी इथं विचारतोय.

रेटिनोस्कोप
दादा, लेसर तूर्त डोक्यातून काढा.

फ्लाइंगला एका डोळ्याला विनाचष्मा ६/६, म्हणजे पूर्ण नजर लागते, दुसऱ्याला ६/९, म्हणजे जराशी कमी चालते. तो ६/९ चष्म्याने ६/६ व्हायला हवा, आणि ही सवलत फक्त प्लस नंबरवाल्याला. थेंबांशिवायच्या नेहमीच्या तपासणीत निघणाऱ्या मायनसला जागा नाही, म्हणून ‘चष्म्याने वाचतो’ याचा तिथं उपयोग नाही. सिलिंड्रिकल, म्हणजे तिरका नंबर ०.७५ पर्यंत चालतो.

पण दुकानातल्या मशीनचा -०.५० मी तरी पक्का धरणार नाही. या वयात डोळ्यातला फोकस करणारा स्नायू लई ताकदीचा असतो. मशीनमधल्या चित्राकडे बघताना, त्यात आदल्या रात्री मोबाइल झाला असेल तर, तो आवळून बसतो आणि नसलेला मायनस दाखवतो. उलटही होतं: प्लस नंबर याच स्नायूच्या जोरावर लपून राहतो आणि मेडिकल बोर्डात थेंब टाकले की बाहेर येतो.

तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन थेंब टाकून रेटिनोस्कोपी, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायची तपासणी, करून घ्या. थेंब सायक्लोपेन्टोलेट किंवा होमॅट्रोपिनचे हवेत. पडदा बघायला बाहुली मोठी करतात, त्या साध्या थेंबांनी स्नायू पुरता सैल पडत नाही. नंतर एखाद दिवस, होमॅट्रोपिनने तर दोन-तीन दिवसही, जवळचं वाचता येत नाही आणि उन्हात डोळे दिपतात, म्हणून त्याला गाडी चालवू देऊ नका. दुसऱ्या दिवशी परीक्षा असेल तर तारीख पुढची घ्या. थेंबांआधीचा आणि नंतरचा आकडा कागदावर वेगवेगळा लिहून मागा. नंतर शून्य किंवा किंचित प्लस आला तर मशीनचा मायनस खोटा. -०.५० तसाच राहिला तर खरा, आणि तो त्राटकाने किंवा गाजराच्या रसाने जात नाही.

शाहूपुरीकर
आणि खरा निघाला तर? लेसरचा रस्ता कायमचाच बंद?

कळंबा०९
एनडीएपुरता बंद. लेसरच्या वेळी वय २० पूर्ण असावं लागतं आणि एनडीएचं वय साडेएकोणीसला संपतं. पदवीनंतर एएफकॅटमधून, म्हणजे एअर फोर्सच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून, फ्लाइंगला २० ते २४ ही मर्यादा. ऑपरेशननंतर १२ महिने जाऊ द्यावे लागतात, म्हणजे हातात राहतात जेमतेम तीन वर्षं.

अटीही आहेत. मूळ नंबर ६ च्या वर नको, ऑपरेशननंतर कॉर्निया किमान ४५० मायक्रॉन शिल्लक हवा, आणि डोळ्याची लांबी २५.५ मिलिमीटरच्या आत. ही लांबीची अट लोक विसरतात. लेसर फक्त पुढची काच घासून आकार बदलतं. मागे लांब झालेला डोळा लांबच राहतो, त्याचा पडदा ताणलेलाच राहतो. मोतीबिंदूची लेन्स ठरवताना जे मोजमाप घेतात तेच हे, ‘ॲक्सियल लेंथ’ म्हणा, लगेच कळेल. आधी ते मोजा, मग ऑपरेशनचं बोला. कॉर्नियाला चिरे देऊन केलेलं जुन्या पद्धतीचं आरके असेल तर मात्र विषयच संपला.

उजळाईवाडी_रनवे
सगळे डोळ्यांतच अडकलाय. टेप घ्या आणि पोराला भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर पाय सरळ करून बसवा. भिंतीपासून टाचेपर्यंत ९९ ते १२० सेंमी पाहिजे. बसून उंची ८१.५ ते ९६. गुडघा दुमडून पाठीमागून गुडघ्यापर्यंत मांडी ६४ च्या वर नको. इजेक्शन सीट वर सुटताना लांब मांडीचा गुडघा पुढच्या कडेला आपटतो. पूर्ण पाठीच्या कण्याचे एक्स-रे काढतात तेही याचसाठी, सीट सुटल्यावर सगळा दणका कण्यावर येतो.

कानाला ६१० सेंमीवरून कुजबुज ऐकू आली पाहिजे, प्रत्येक कानाने वेगळी. ऑडिओमेट्रीत २० डेसिबलच्या वर घट चालत नाही. मळ असेल तर पंधरा दिवस आधी कानाच्या डॉक्टरांकडून काढून घ्या, काडी घालू नका. तालमीत जात असेल आणि कान मोडून कडक झाला असेल, तर हेल्मेट नीट बसतं का तेही बघतात.

शिवाय वैमानिक निवडीची सीपीएसएस चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. मशीन समजून न घेता तिला सामोरं जाणं म्हणजे फुकट संधी घालवणं.

रेटिनोस्कोप
रंगांचं राहिलंच. लाल-हिरव्याची गल्लत आईकडून येते, आईला स्वतःला सहसा नसते. म्हणून मुलाच्या मामाला किंवा आईच्या वडिलांना असेल तर सावध व्हा. फ्लाइंगला सीपी-१, म्हणजे रंग ओळखण्याची सगळ्यात वरची श्रेणी लागते, रंगीत काचेचा चष्मा चालत नाही.

शाहूपुरीकर
सोमवारी थेंबांची वेळ घेतलीय, टेपही काढली. मामा गडहिंग्लजला असतो, आत्ताच फोन लावतो.

रेटिनोस्कोप
अहो, मामाला कशाला, सोमवारी पोरालाच इशिहाराचं, रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायचं पुस्तक दाखवायला सांगा. थेंब टाकायच्या आधी, पाच मिनिटांचं काम.