सासऱ्यांचे पणजोबा जर्मनीतल्या कोणत्या गावचे? नेब्रास्कातल्या शेतापासून मागे कसं जायचं?

एल्कहॉर्नकाठ:

नमस्कार. माझं सासर नेब्रास्कात, नॉरफोकजवळ, एल्कहॉर्न नदीच्या खोऱ्यात. मका आणि सोयाबीनची शेती. सासऱ्यांच्या पणजोबांनी होमस्टेड कायद्याखाली (पाच वर्षं राहून कसली की सरकारी जमीन नावावर) घेतलेली 160 एकर जमीन आजही घरातच आहे. सासरे ऐंशीच्या पुढे गेलेत. शेताचा कोपरान्‌कोपरा त्यांना पाठ आहे, पण आपली माणसं मुळात कुठली हे ठाऊक नाही, आणि ते त्यांच्या मनाला फार लागून राहिलंय. त्यांच्या हयातीत त्या गावाचं नाव त्यांना सांगता यावं अशी माझी फार इच्छा आहे.

हाताशी काय आहे ते सांगते. जमिनीचं पेटंट (सरकारने दिलेला मालकीचा कागद), 1874 सालचं, त्यावर राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांचं नाव. एक जाडजूड जर्मन बायबल, त्याच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म-मृत्यू. शाई तपकिरी झालीय, अक्षर टोकदार, सगळं एकसारखं दिसतं. आकडे तेवढे लागतात. एका मुलीच्या नोंदीत तारखेनंतर 8 हा आकडा आणि त्याला चिकटून ‘बेर’ असं काहीतरी आहे. हा ऑगस्ट समजायचा का? थडग्यावर ‘पोमर्न’ एवढंच. 1870 च्या जनगणनेत जन्मस्थान ‘प्रशिया’, थोरल्या मुलाचं मात्र विस्कॉन्सिन! विस्कॉन्सिनशी आपला काय संबंध, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

घरात दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. एक, आडनावाचं स्पेलिंग एलिस आयलंडवरच्या (न्यू यॉर्क बंदरातलं, बाहेरून येणाऱ्यांच्या तपासणीचं केंद्र) अधिकाऱ्याने बदललं. दुसरी, सासऱ्यांच्या आजोबांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मुलांशी जर्मन बोलणं एकाएकी बंद केलं. या दुसऱ्या गोष्टीबद्दल सासरे फारसं बोलत नाहीत.

शोध कुठून सुरू करू? थेट जर्मनीतल्या अभिलेखागाराला पत्र लिहू का?

जुनी_दफ्तरं:

ताई, जर्मनीला पत्र आत्ताच नको. गावाचं नाव नसेल तर तिकडे कुणाला काही करता येत नाही. पोमर्न म्हणजे पोमेरेनिया, अख्खा प्रांत आहे तो. गावाचं नाव बहुतेक वेळा अमेरिकेतच कुठेतरी लिहिलेलं सापडतं.

तुमचा सगळ्यात मोठा धागा विस्कॉन्सिन आहे. नॉरफोक 1866 मध्ये वसवलं तेच मुळी विस्कॉन्सिनच्या इक्सोनिया भागातून आलेल्या जर्मन लुथरन कुटुंबांनी. तुमची मंडळी त्यांच्यातली, नाहीतर त्यांच्या मागोमाग आलेली असणार. म्हणजे थोरल्या मुलाचा बाप्तिस्मा इक्सोनिया-वॉटरटाउनकडच्या एखाद्या लुथरन चर्चच्या वहीत शोधा, आणि आईवडिलांचं लग्नही तिथेच लागलं असेल तर तीही नोंद पाहा. जनगणनेच्या कारकुनाला ‘प्रशिया’ पुरेसं होतं. पाद्री स्वतः जर्मन, त्याला गावं माहीत, म्हणून तो पुष्कळदा गाव आणि जिल्हा दोन्ही लिहायचा. नॉरफोकच्या चर्चची दफनाची वहीही सोडू नका.

दुसरं काम होमस्टेडच्या फाइलचं. पेटंट हा फक्त शेवटचा कागद. त्यामागची पूर्ण फाइल वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात असते, प्रत मागवता येते. पेटंटवरचा नंबर आणि जमिनीचं वर्णन (सेक्शन, टाउनशिप, रेंज) जसंच्या तसं उतरवून पाठवा. पाच वर्षं राहून जमीन कसली हे सिद्ध करायला दोन साक्षीदार लागायचे, शिवाय परदेशातून आलेल्याला नागरिकत्वाचा पुरावा द्यावा लागे. त्यामुळे कुठल्या कोर्टात, कधी नागरिक झाले ते फाइलमध्ये मिळतं. साक्षीदारांची नावं जपून ठेवा. शेजारी पुष्कळदा मूळच्या गावचेच असत.

एलिस आयलंडची गोष्ट मात्र बाजूला ठेवा. ते केंद्र 1 जानेवारी 1892 ला उघडलं. तुमचे लोक तोवर एल्कहॉर्नकाठी शेती करत होते. जहाजाच्या याद्या जिथून जहाज सुटे त्या बंदरावरच तयार व्हायच्या. स्पेलिंग बदलली ती इथे, ज्याने जसं ऐकलं तसं लिहिलं म्हणून. तेव्हा शोधताना आडनाव उच्चाराने शोधा.

जहाजाचं म्हणाल तर हॅम्बुर्गहून निघाले असले तर नशीब. तिथल्या 1850 पासूनच्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यात राहतं गाव दिलेलं असतं. ब्रेमेनच्या त्या काळातल्या याद्या जागा नाही म्हणून नष्ट केल्या गेल्या. आणि 1890 ची जनगणना शोधण्यात वेळ घालवू नका, ती 1921 च्या आगीत आणि त्यानंतर जवळपास सगळी गेली. 1900 ची पाहा, तिच्यात अमेरिकेत आल्याचं साल विचारलेलं आहे.

टोकदार_अक्षर:

ऑगस्ट नाही, ऑक्टोबर! जुन्या नोंदींत 7 बेर म्हणजे सप्टेंबर, 8 बेर ऑक्टोबर, 9 बेर नोव्हेंबर. लॅटिन आकड्यांवरून पडलेली रीत आहे, ‘ऑक्टो’ म्हणजे आठ.

त्या लिपीला कुरेंट म्हणतात. तिच्यात ‘ई’ आणि ‘एन’ जवळपास सारखे दिसतात, ‘यू’ वर मात्र छोटी कमान असते. आधी घरातली माहीत असलेली नावं त्या पानावर शोधा आणि प्रत्येक अक्षर वेगळं गिरवून घ्या. मग बाकीचं हळूहळू लागतं.

काकू_लिंकनहून:

तुझ्या सासऱ्यांच्या आजोबांबद्दल. अगं, त्या वर्षांत इकडे जर्मन बोलणं म्हणजे देशद्रोह वाटावा अशी हवा होती. शेजारच्या आयोवात तर मे 1918 मध्ये गव्हर्नर हार्डिंग यांनी हुकूम काढला: शाळेत, रेल्वेत, टेलिफोनवर, प्रार्थनेतसुद्धा फक्त इंग्रजी. नेब्रास्काने 1919 मध्ये कायदाच केला की आठवी होईपर्यंत मुलांना दुसरी भाषा शिकवायची नाही. हॅम्प्टनच्या लुथरन शाळेतले मास्तर रॉबर्ट मायर यांनी दहा वर्षांच्या मुलाला जर्मन वाचायला शिकवलं म्हणून त्यांना 25 डॉलर दंड झाला. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि 1923 मध्ये जिंकले. पण तोवर कितीतरी घरांतली भाषा गेली ती गेलीच. आजोबांनी आपलेपणा सोडला असं सासऱ्यांनी समजू नये. पोरांना शाळेत त्रास होऊ नये, एवढाच विचार असेल गं त्यांचा. हे त्यांना नक्की सांग.

एल्कहॉर्नकाठ:

काकू, तुमचं उत्तर सासऱ्यांना वाचून, समजावून सांगितलं. त्यानंतर पहिल्यांदाच ते आजोबांबद्दल बराच वेळ बोलले.

होमस्टेडची फाइल आली. लाकडी घर, 16 बाय 20 फूट, एक दार, दोन खिडक्या, एक विहीर, गोठा, 35 एकर नांगरलेली. सासरे म्हणाले, ती विहीर कुठे होती ते मी दाखवतो. आणि विस्कॉन्सिनच्या एका चर्चमधून लग्नाच्या नोंदीचा फोटो आला. त्यात गावाचं नाव आणि पुढे स्पष्ट ‘क्राइस रेगेनवाल्डे’, म्हणजे रेगेनवाल्डे जिल्हा, आहे. गावाची शेवटची अक्षरं लागतात, पहिली दोन शाईत बुडालीत. होमस्टेडच्या साक्षीदारांपैकी एकाचं लग्न त्याच वहीत आहे, जिल्हाही तोच!

आता सासऱ्यांचा प्रश्न: तिकडे त्यांची स्वतःची जमीन होती का? आणि ती विकून आले का?

जुनी_दफ्तरं:

वा ताई, जिल्हा मिळाला म्हणजे बरंच काम झालं! रेगेनवाल्डे म्हणजे आजचं पोलंडमधलं रेस्को. मेयरचा 1912 चा गावकोश ऑनलाइन आहे. त्या जिल्ह्यातली, तुम्हाला लागलेल्या अक्षरांनी संपणारी गावं काढा, थोडीच उरतील. त्याच कोशात गावाला स्वतःचं चर्च होतं का तेही कळतं. साक्षीदाराच्या नोंदीत गाव नीट लिहिलंय का, ते आधी पाहा.

गाव पक्कं झालं की स्टेटिनच्या (आता श्चेचिन) सरकारी अभिलेखागारात आणि ग्राइफ्सवाल्डच्या चर्च अभिलेखागारात विचारा. प्रशियात सरकारी जन्मनोंदणी ऑक्टोबर 1874 पासूनची, म्हणजे तुमच्यासाठी चर्चच्याच वह्या. त्या भागातल्या पुष्कळ वह्या 1945 मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, गेल्या, तेव्हा सासऱ्यांना आधीच फार आशा लावू नका.

जमिनीबद्दल: पोमेरेनियात मोठमोठ्या जहागिरी होत्या आणि त्यांवर राबणारे बहुतेक लोक भूमिहीन. राहायला खोपट, मजुरीचा काही भाग धान्यात, आणि कितीही वर्षं राबलं तरी स्वतःची जमीन व्हायची आशा नाही. होमस्टेडचे 160 एकर म्हणजे तिकडच्या मापात सुमारे 250 मोर्गन. असल्या मजुराला ते आपल्या नावावर होईल असं तिकडे कुणी म्हटलं असतं तर खरं वाटलं नसतं. तुमचे लोक मजूरच होते की छोटे शेतकरी, ते नुसत्या अंदाजाने ठरवू नका. लग्नाच्या नोंदीत वडिलांच्या नावापुढे बहुधा धंदा लिहितात. तिथे ‘टागेल्योनर’ असेल तर रोजंदारीचा मजूर, ‘बाउअर’ असेल तर शेतकरी. त्या रकान्याचा जवळून फोटो काढायला सांगा आणि इथे टाका, आपण मिळून वाचू.