मदत हवी: बुलेटचं टायमिंग बसेना, चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय

खांडोळकर७८: पप्पांची बुलेट चवथीला सत्तरी तालुक्यात गावी न्यायचीय. स्पार्क पाडणारे नवीन पॉइंट टाकले, गॅप बरोबर ठेवला, पिस्टन वर आणून टायमिंग (स्पार्क कधी पडायचा ते) केलं, तरी चालू होईना. वीसेक किकनंतर सायलेन्सरमधून एकच ढुम्म, शेजारचा कुत्रा अजून पडवीखालून बाहेर आलेला नाही. लवकर सांगा कुणीतरी.

म्हापसा_मेकॅनिक: मॉडेल कुठलं? गॅप किती? "वर आणून" म्हणजे नेमका कुठे?

खांडोळकर७८: बुलेट म्हटलं ना! जुनी 350 सीसी, काष्ट आयर्न इंजिन. गॅप 0.38 मिमी.

दोनस्ट्रोकप्रेमी: म्हणून मी येझदीच ठेवलीय. व्हॉल्व नाही, टॅपेट नाही, कटकट नाही.

फोंड्याचा_बाब: पॉइंट बिइंट सोड रे, इलेक्ट्रॉनिक किट बसव. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत पॉइंट दोन पावसाळे टिकत नाहीत.

म्हापसा_मेकॅनिक: बाब, त्याला पॉइंटचं विचारायचंय. किट मध्येच बंद पडलं तर चोर्ला घाटात दुसरं कोण देणार? पॉइंट पॉलिश पेपरने घासून घरी पोचता येतं.

फोंड्याचा_बाब: माझं अजून बंद पडलेलं नाही.

मडगावकर: विकायची आहे का?

म्हापसा_मेकॅनिक: 350 ला पिस्टन टॉपला (अगदी वर) पोचायच्या 0.8 मिमी आधी पॉइंट उघडायला हवेत, अ‍ॅडव्हान्सरची (वेग वाढला की स्पार्क लवकर पाडतो तो) वजनं मिटलेली असताना. इग्निशन ऑन करून बघ, पॉइंट उघडले की अ‍ॅमीटरचा काटा मायनसवरून मधे येतो. प्लगच्या भोकातून स्पोक घालत असशील तर जपून, भोक तिरकं आहे, अडकतो. आणि डिस्ट्रिब्युटर (पॉइंट बसतात तो डबा) काढला होतास का?

खांडोळकर७८: हो, धुवायला अख्खा बाहेर काढला. त्याने काय होतं?

म्हापसा_मेकॅनिक: हे आधी सांगायचं ना!! पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. एक्झॉस्टला धरून डिस्ट्रिब्युटर बसवलास तर स्पार्क चुकीच्या वेळी पडतो. टॅपेटचं झाकण काढ, टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरव. पिस्टन वर असताना दोन्ही पुशरॉड (व्हॉल्व उघडणारे दांडे) बोटांनी फिरले तरच कॉम्प्रेशन.

खांडोळकर७८: एकही फिरत नव्हता 😓 चाक फिरवून कॉम्प्रेशनला आणलं, डिस्ट्रिब्युटर परत बसवला, दुसऱ्या किकला चालू! पण स्लोला बंद पडतेय.

फोंड्याचा_बाब: किट.

म्हापसा_मेकॅनिक: कार्बोरेटर कधी साफ केलास?