लग्न नाही, मूल आहे: बापाचं नाव आणि पोटगी, तुमचे अनुभव लिहा

तळ्याकाठची:
घटस्फोट आणि पोटगी यावर सगळे लिहितात. लग्नच झालं नाही पण मूल आहे, अशांचं कुणी लिहीत नाही. लिव्ह-इन संपलं असेल, ठरलेलं लग्न मोडलं असेल, त्याने मूल नाकारलं असेल किंवा तिने त्याला मुलापासून तोडलं असेल. ठाणे-नवी मुंबईकडचा अनुभव असेल तर जरूर लिहा. आई, बाप, आजी-आजोबा, सगळेच. नावगाव नको. ‘आधी विचार करायचा होता’ हे घरच्यांनी सांगून झालेलं असतं, ते इथे नको.

खारघरची आई:
भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहायचो. मी गरोदर असताना तो बदली घेऊन पुण्याला गेला आणि फोन उचलेनासा झाला. घरचे म्हणाले, लग्नाचा कागद नाही, कोर्टात काय दाखवणार? मुलाच्या पोटगीसाठी तो कागद लागतच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 घ्या, नाहीतर 1 जुलै 2024 पासूनचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144, औरस (लग्नातलं) असो की अनौरस (लग्नाबाहेरचं), मुलाचा हक्क दोन्हींत स्पष्ट लिहिला आहे. वकीलबाईंनी माझ्यासाठी काही मागितलंच नाही. ‘पत्नी’ या शब्दावरून वाद वाढवायचा नव्हता त्यांना.

पुण्याला खेटे घालावे लागतील अशी धास्ती होती, पण मुलाच्या आईबरोबर बाप शेवटचा जिथे राहिला, तिथेही अर्ज चालतो. फक्त खारघर नवी मुंबईत असलं तरी जिल्हा रायगड, म्हणून बेलापूर नाही, पनवेल कोर्ट. हे माझ्या आईला अजून पटलेलं नाही.

त्याच्या लेखी उत्तरात ‘मूल माझं नाही’ हे एक वाक्य आणि बाकी सगळं माझ्या चारित्र्यावर. आम्ही दोघांच्या नावाचा भाडेकरार, हॉस्पिटलच्या फॉर्मवरची त्याची सही आणि मेसेज दिले. कोर्टाने डीएनए तपासणीचा आदेश दिला. रक्त द्यायच्या पहिल्या तारखेला तो आलाच नाही. नमुना द्यायला नकार दिला तर कोर्ट त्यावरून त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढू शकतं, हे त्याच्या वकिलाने समजावलं असावं, कारण पुढच्या तारखेला हजर. तिघांचे नमुने कालिनाच्या प्रयोगशाळेत गेले. अहवालानंतर साहेब एकदम तडजोडीला तयार! रक्त काढताना बाळ किंचाळत होतं आणि हा मोबाईल बघत होता, ते मात्र डोक्यातून जात नाही.

ऐरोलीचा बाबा:
दुसरी बाजू लिहितो. मी मूल कधीच नाकारलं नाही. लग्न तिच्या घरच्यांनी होऊ दिलं नाही. कोर्टात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालापासून ते सक्तीचं आहे. माझ्या घराच्या हप्त्याला फारशी किंमत मिळाली नाही (घर माझ्याच नावावर होणार ना, असं समोरचे वकील म्हणाले, आणि ते चूक नव्हतं). तिचा पगारही बघितला गेला. रक्कम अर्जाच्या तारखेपासून लागते, त्यामुळे ऑर्डर झाली तेव्हाच थकबाकी डोक्यावर.

पैशाची तक्रार नाही, भेटीची आहे. पोटगी दिली की भेट मिळते असं कुठेही लिहिलेलं नाही. हिंदू कायद्यात अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आधी आई, मग बाप. भेटीसाठी 1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज करावा लागला. आणि ती भेटू देत नाही म्हणून पोटगी थांबवली, तर आपणच गोत्यात. आता शनिवारी भेटतो. तिची बहीण शेजारी बसलेली असते. मुलगा मला काका म्हणतो.

वर्तकनगर:
मैत्रिणीसाठी विचारते. नवऱ्यापासून वेगळी राहते, घटस्फोट झालेला नाही. मूल दुसऱ्याचं. त्याच्याकडून पोटगी मिळेल?

नौपाड्याची वकील:
यातलं सगळ्यात अवघड प्रकरण. लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा धरून चालतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 112, आता साक्ष अधिनियमाचं 116. ते खोडायचं तर त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, हे दाखवावं लागतं. जानेवारी 2025 मध्ये केरळच्या एका प्रकरणात मुलाने आईच्या नवऱ्याला सोडून दुसऱ्या माणसाकडे पोटगी मागितली, डीएनएचीही मागणी होती. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. उलट 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अहवाल समोर आलेला होता आणि नवरा बाप नाही असं त्यात निघालं होतं, तेव्हा न्यायालयाने अहवाल मानला. म्हणून डीएनएच्या आधी पत्ते आणि तारखा बघू. नवरा तेव्हा कुठे होता? परदेशी असेल तर पासपोर्टवरचे शिक्के, बोटीवर असेल तर कंपनीचा कागद. मैत्रिणीला ते घेऊन यायला सांगा.

कळव्याची मावशी:
भाचीच्या लेकीच्या जन्मदाखल्यावर बापाचं नाव नाही. 2015 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की दाखला द्यावा लागतो. शाळेत तीच प्रत पुढे करतो. कुणी जास्त विचारलं तर मी बोलते, भाचीला बोलू देत नाही.

वाशी मार्केट:
मी माथाडी. बहिणीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळाला, बाईमाणसाला आणि मुलाला त्यात उत्पन्नाची अट नाही. ऑर्डर झाली, पण पठ्ठ्या देईना. थकबाकीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागतो, तो टाकला. वॉरंट निघालं तर म्हणतो, महिनाभर आत जाऊन येतो, विषय संपला. आत जाऊन आलं तरी पैसे फिटत नाहीत, हे कळल्यावर त्याच्या थोरल्या भावाने भरले. आता म्हणतो, दर महिन्याला रोख देतो, बँकेची भानगड नको. घ्यावे का?

नौपाड्याची वकील:
नाही दादा. बहिणीच्या खात्यातच मागा. उद्या तो ‘दिले होते’ म्हणाला तर तुम्ही काय दाखवणार आणि तो तरी काय दाखवणार?