हरणाच्या शिकारीसाठी रबरी बूट: ८०० ग्रॅम अस्तराचे घेऊ की नुसते निओप्रीनचे (फोमसारख्या रबराचे)? आणि जुन्या जोडावर पांढरं काय आलंय?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. मी सेंट्रल विस्कॉन्सिनमध्ये राहते, क्रॅनबेरीच्या शेतांचा भाग, जिकडे बघावं तिकडे पाणथळ. यंदा गन सीझनला, म्हणजे बंदुकीनं हरणाच्या शिकारीला परवानगी असते त्या दिवसांत, पहिल्यांदाच जाणार आहे, शेजारच्या आजींबरोबर, त्या लहानपणापासून जातायत. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय (१९७३ किंवा नंतर जन्मलेल्यांना इथे तो लागतो), केशरी जॅकेट आलंय, घोडं अडलंय ते बुटांपाशी. शिकार करावी की नाही यावर कृपया वेगळा धागा काढा, भारतात १९७२ च्या कायद्यानं बंदी आहे ती योग्यच आहे, इथलं गणित वेगळं आहे आणि जे मिळेल ते मांस आम्ही खाणार आहोत.

तर सीझन थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातला चौथा गुरुवार) आधीच्या शनिवारी सुरू होतो, नऊ दिवस. पहाटे अंधारात निघून टॅमरॅकच्या (सूचिपर्णी झाडांच्या) दलदलीतून बरंच चालायचं, पाणी घोट्याच्या वर येतं, आणि मग स्टँडवर (झाडावरच्या उंच मचाणावर) चढून तीन-चार तास अजिबात न हलता बसायचं, पारा तेव्हा शून्याखाली दहापर्यंत जाऊ शकतो. माझी खरी अडचण हीच आहे. जाड अस्तराचे घेतले तर चालतानाच पाय घामेजणार आणि तोच घाम बसल्यावर गार पडणार, पातळ घेतले तर बोटं बधिर होणार. आजी म्हणतात लेदर नकोच, रबरीच घे, पाणी आत येत नाही आणि पायाचा वास वाटेवर राहत नाही, नाहीतर हरीण तासाभरानं त्या वाटेवर आलं तरी नाक खाली करून थबकतं.

दुकानात लाक्रॉस, मक, बॉग्स या सगळ्या कंपन्यांचे बघितले. कुणाचं नुसतं निओप्रीन, कुणाचं अस्तर ८०० ग्रॅम, कुणाचं १६००. त्यात माझा पंजा रुंद, पोटरी भरलेली, आणि या बुटांत अर्धे नंबर बहुतेक मिळतच नाहीत. एक नंबर मोठा घेऊन दोन मोजे घालावेत का?

दुसरा प्रश्न. आजींनी त्यांचा जुना जोड दिलाय, गुडघ्याखालपर्यंतचा, हिरवा, चांगल्या कंपनीचा. बेसमेंटमध्ये होता. त्याच्यावर पिठूळ पांढरा थर आलाय, बोट फिरवलं की रेघ उमटते. बुरशी आहे का? ब्लीचनं धुऊ का?

मिनेसोटाकर:
ताई, आधी ते ग्रॅमचं. तो आकडा बुटाच्या वजनाचा नसतो, एक चौरस मीटर अस्तराचं वजन असतं ते. १६०० हे गाडीतून उतरून चार पावलांवर बसणाऱ्यांसाठी ठीक, तुमच्यासारखं चालणं असेल तर अजिबात नको. मी म्हणेन निओप्रीनवाले किंवा फार तर ८०० घ्या आणि बुटावरून चढवायची जाड कव्हरं मिळतात ती सॅकमध्ये टाका, स्टँडवर पोचलात की घालायची. चालताना पातळ मोजे, वर गेल्यावर ते काढून कोरडे मरिनो वुलचे, हे एवढं केलंत तरी अर्धं काम होतं. कॉटनचे मोजे घरीच ठेवा, ओले झाले की वाळत नाहीत. आणि दोन मोजे कोंबू नका हो! पाय आवळला की रक्त फिरत नाही आणि मग कितीही महाग बूट असू दे, गारठतोच. एक जाड मोजा घालून बोटं आत मोकळी हलली पाहिजेत, त्यासाठी एक नंबर मोठा घ्यावा लागला तर घ्या, पण टाच वर-खाली होता कामा नये, चिखल बूट ओढून घेतो. पोटरीसाठी मागे पट्टा असलेले, सैल करता येणारे येतात, ते बघा. स्टँडचा प्लॅटफॉर्म लोखंडी असेल तर पायाखाली फोमचा तुकडा ठेवा, थंडी तळव्यातून फार चढते.

वासाचं म्हणाल तर वारा कुठून येतोय ते आधी बघायचं, बूट नंतर. तरी ते बूट घालून पेट्रोल भरायला जाऊ नका आणि किचनजवळ ठेवू नका, आपल्या फोडणीचा वास आतल्या कापडात बसतो तो जाता जात नाही. मी झाकणाच्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवतो, गॅरेजमध्ये. पण आधी नीट वाळवून हं, ओले बंद केले की संपलंच. इनसोल बाहेर काढायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभरानं बदलायचे. हीटरवर किंवा शेकोटीपाशी नाही, चिकटवलेले जोड सुटतात.

चाकणकर:
मी रबर पार्ट्सच्या कंपनीत आहे, शिकारीतलं काही कळत नाही पण ते पांढरं कळतं. ब्लीच अजिबात नको. बुरशी बहुतेक नाहीये, याला आम्ही ब्लूमिंग म्हणतो. रबर बनवताना त्यात मेण आणि इतर केमिकल्स मुद्दाम घातलेली असतात, ती हळूहळू वर येतात आणि हवेतल्या ओझोन वायूपासून रबराला वाचवतात, त्यानं रबराला चिरा पडतात. म्हणजे तो थर चांगल्या कामाचा आहे. दिसायला नको असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं. वर सिलिकॉनचा हात फिरवला तरी चालेल, पण तेल, ग्रीस, व्हॅसलीन नाही, त्यानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. बुरशी असेल तर ती आत कापडावर असेल आणि कुबट वास येईल.

खरं बघायचंय ते वेगळंच. बूट घोट्यापाशी वाकवा आणि उजेडात घडी नीट बघा, आडव्या बारीक चिरा दिसतायत का. बेसमेंटमध्ये इलेक्ट्रिक मोटर जवळ असेल (घर तापवणाऱ्या फर्नेसच्या पंख्याची वगैरे) तर तिथं ओझोन तयार होतो, आणि घडी पडून राहिलेली जागाच आधी फुटते.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! पांढरं पुसलं गेलं, खाली रबर एकदम काळपट हिरवं चकचकीत. आत वास नाही. पण उजव्या बुटाला घोट्यावर चिरा आहेत, नखाला लागतात. पाणी भरून बाहेरून टिश्यूनं टिपलं तर दोन ठिकाणी ओल आली. नवे निओप्रीनवाले आणि वरची कव्हरं घेतेय, ठरलं. हा जोड अंगणात आणि क्रॅनबेरीच्या बांधावर फिरायला वापरायचा तर चिकटवता येईल का?

चाकणकर:
येईल. सायकल पंक्चरचं सामान आणा, सॅंडपेपरनं जागा घासा, धूळ पुसा, सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून चिकटपणा येईपर्यंत थांबा, मग पॅच दाबा आणि रात्रभर ठेवा. घोट्यावर सारखं वाकणार त्यामुळे वर्षभर टिकेल याची हमी नाही. दलदलीत मात्र तो घालू नका.