विषय: अंतराला वेगाने भागलं तरी तिकिटावरची वेळ का जुळत नाही?

नमस्कार मंडळी,

आई पहिल्यांदाच एकटी येते आहे, दिल्लीहून थेट सॅन फ्रान्सिस्कोला. अंतर सुमारे 12,400 किमी दिसतंय. ताशी 900 किमी धरले तर पावणेचौदा तास होतात, तिकिटावर मात्र सोळांहून जास्त. तिच्या गोळ्या दर आठ तासांनी असतात, म्हणून विचारते. कुठला आकडा खरा मानू?

---

ताई, तिकिटावरचा माना.

12,400 म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. तो दोरा सायबेरियावरून पार आर्क्टिकमध्ये जातो. विमान वारा, हवामान आणि कुणाचं आकाश खुलं आहे हे बघून जातं. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपच्या विमानांना बंद झालं तेव्हा हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. विमानतळ तिथेच होते!

दुसरं, 900 हा विमानाचा हवेतला वेग. ती हवाच वाहत असते. नऊ ते बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात जास्त जोराने. फेब्रुवारी 2020 मध्ये त्याच्या जोरावर न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान पाच तासांच्या आत लंडनला उतरलं होतं.

तुमच्याच मार्गाचं उदाहरण मला फार आवडतं. 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्लीहून अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून विमान नेलं. अंतर सुमारे चौदाशे किलोमीटरने वाढून 15,300 च्या आसपास गेलं, पण वारा पाठीशी होता, म्हणून साडेचौदा तासांत पोहोचलं. लांबचा रस्ता, पण लवकर! परतीलाही पूर्वेकडेच, म्हणजे अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं त्यातच आलं.

---

काका, मनापासून आभार. आणखी एक: सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ वजा केली तर भलतंच उत्तर येतं.

---

येणारच, दोन्ही वेळा आपापल्या गावच्या. उन्हाळ्यात दिल्ली साडेबारा तास पुढे असते, हिवाळ्यात साडेतेरा. समजा उन्हाळ्यात विमान पहाटे तीनला सुटलं, तेव्हा तुमच्याकडे आदल्या दिवशीचे दुपारचे अडीच. त्यात सोळा तास मिळवा, सकाळचे साडेसहा. घड्याळांकडे बघितलं तर साडेतीनच तास गेल्यासारखे वाटतात.

गोळ्यांसाठी म्हणून सांगतो: आईंना घड्याळ उतरेपर्यंत दिल्लीच्याच वेळेवर ठेवू द्या. आठ तासांचा हिशोब त्यावरच राहील. उतरल्यानंतरच्या वेळा मात्र त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

---

आजच फोन करते डॉक्टरांना. आणि आईचं घड्याळ इथे गाडीत बसल्यावर मीच बदलून देईन.